आई, वडील आणि दोन मुले: कोल्हापुरातील एका घरगुती खाणावळीचे परीक्षण

कोल्हापुरात मटणाचे ताट देणाऱ्या खाणावळी गल्लोगल्ली आहेत आणि बाहेरगावच्या माणसाला त्यांतील बहुतेकांचा तांबडा-पांढरा रस्सा चांगलाच वाटतो. त्यामुळे केवळ चवीच्या आधारावर एखाद्या खाणावळीविषयी स्वतंत्रपणे लिहावे, असे सहसा होत नाही. ज्या खाणावळीविषयी मी येथे लिहीत आहे, तेथील चव उत्तम आहेच; परंतु दुपारी बाराच्या पहिल्या ताटातील पांढरा रस्सा आणि तीन वाजता शेवटच्या ताटात वाढलेला पांढरा रस्सा यांत काहीही फरक नसतो, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हा एकसारखेपणा त्या घरातील आई, वडील, मुलगी आणि मुलगा यांनी कामाची व अधिकाराची जी वाटणी केली आहे तिच्यातून येतो, असे माझे मत झाले आहे. म्हणून हे परीक्षण जितके ताटाचे आहे तितकेच त्या वाटणीचेही आहे.

मी स्वतः पुण्यात पोळी-भाजी केंद्र आणि दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय मुलगा आणि मुलगी यांच्यासह चालवते. त्यामुळे कोणत्याही घरगुती खाणावळीत गेले की माझे लक्ष आधी गल्ल्यावर कोण बसले आहे, स्वयंपाकघरातून हाक कोणाच्या नावाने येते आणि चूक झाली तर कोण कोणाला कोणत्या शब्दांत सांगते, याकडे जाते. या खाणावळीचे नाव येथे देत नाही, कारण मालकीणबाईंनी तशी विनंती केली. “जेवणाबद्दल काय लिहायचं ते लिहा ताई, पण पोरांच्या कामाबद्दल लिहिणार असाल तर नाव नको,” असे त्या म्हणाल्या आणि ती अट मला पूर्ण रास्त वाटली. शुक्रवार पेठेच्या बाजूला, पंचगंगेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत ही खाणावळ आहे, इतके सांगितले तरी कोल्हापूरकरांपैकी अनेकांना ती ओळखता येईल.

जागा लहान आहे. राहत्या घराच्या खालच्या सोप्यात सात टेबले, एका बाजूला हात धुण्याची मोरी, समोर गल्ला आणि गल्ल्याच्या मागे स्वयंपाकघराची रुंद खिडकी. खिडकीला पडदा नाही, त्यामुळे चुलीजवळ काय चालले आहे हे जेवणाऱ्याला दिसते आणि चुलीजवळच्या माणसाला जेवणारा दिसतो. ताटात सुके मटण, खिम्याची वाटी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दही-कांदा, लिंबू आणि ज्वारीची भाकरी किंवा चपाती असते. भात शेवटी येतो. दोन्ही रस्से मागाल तितके वाढतात. सुक्या मटणात तुकडे मोजके पण नीट निवडलेले असतात, हाड आणि मांस यांचा मेळ प्रत्येक ताटात साधारण सारखा असतो, आणि मटण दाताखाली सुटते पण लगदा झालेले नसते. खिम्याला थोडा कोरडेपणा ठेवलेला आहे, तो भाकरीबरोबर फार चांगला लागतो. तांबड्या रस्श्यावरचा कट लाल असूनही घशाला ओरबाडत नाही. बाहेरगावी ‘कोल्हापुरी’ या नावाखाली जे जहाल आणि तेलकट पदार्थ विकले जातात, त्यांचा आणि या रस्श्याचा संबंध नाही.

पांढऱ्या रस्श्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या खाणावळीची खरी परीक्षा तेथेच होते. मटण शिजवताना निघालेले अळणी, म्हणजे तिखट न घातलेले मटणाचे पाणी, त्यात काजू, तीळ, खसखस यांचे मुलायम वाटण, खड्या मसाल्याची तुपातली फोडणी आणि शेवटी नारळाचे दाट दूध, असा हा रस्सा. तांबडा रस्सा मंद आचेवर तास-दोन तास ठेवला तरी बिघडत नाही, उलट मुरतो. पांढऱ्याला ती सोय नाही. नारळाचे दूध घातल्यावर तो खळखळून उकळला की फुटतो, पाणी वेगळे आणि चोथा वेगळा होतो. आणि नुसता गरम राखण्यासाठी आचेवर ठेवला तरी हळूहळू आटून जड होत जातो. मोठ्या पातेल्यात सकाळीच सगळा रस्सा करून ठेवणाऱ्या ठिकाणी दोन वाजल्यानंतर जो पिठूळ, कोमट पदार्थ वाटीत येतो, त्याचे कारण हेच आहे. या खाणावळीत अळणी आणि वाटण सकाळी तयार असते, पण नारळाचे दूध घालून रस्सा पुरा करण्याचे काम छोट्या छोट्या पातेल्यांत, गिऱ्हाईक पाहून केले जाते. हे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात त्यासाठी चुलीवरच्या माणसाला पुढच्या वीस मिनिटांत किती ताटे लागणार आहेत हे आधी कळावे लागते, आणि ते फक्त दारात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहणाराच सांगू शकतो.

ते सांगण्याचे काम मुलगी करते. ती गल्ल्यावर बसते, दारातली माणसे मोजते, कोण शाकाहारी आहे, कोणाबरोबर लहान मुले आहेत ते विचारते आणि मागे न वळता खिडकीतून भावाला आकडा सांगते: “चौदा ताटं, त्यात दोन अळणी.” भाऊ आकडा परत उच्चारतो आणि पातेले चढवतो. या दोघांत जेवणाच्या वेळी दुसरे कोणतेही बोलणे मी ऐकले नाही. रविवारच्या गर्दीत, बाहेर पंधरा-वीस माणसे ताटकळत असताना, एकदा भावाने आतून “दहा मिनिटं थांबव” असे सांगितले आणि बहिणीने रिकामे झालेले टेबल तसेच रिकामे ठेवून दारातल्या लोकांना शांतपणे थांबायला सांगितले. गल्ल्यावरच्या माणसाला रिकामे टेबल पाहवत नाही. मी त्या जागी बसते म्हणून मला हे ठाऊक आहे. चुलीवरच्या माणसाचा शब्द गल्ल्याने मानावा आणि गल्ल्याचा आकडा चुलीने मानावा, एवढे साधे तत्त्व या भावंडांनी पक्के केले आहे, आणि त्यांच्या आईवडिलांनी मध्ये न पडण्याचे पथ्य पाळले आहे.

हे पथ्य किती कठीण आहे, याची कल्पना घरच्या धंद्यात मुलांबरोबर उभे राहिलेल्यांनाच येईल. आपण वीस-पंचवीस वर्षे एका पद्धतीने केलेले काम मूल दुसऱ्या पद्धतीने करू लागले की तोंड आपोआप उघडते, आणि गिऱ्हाइकासमोर उघडलेले तोंड मुलाच्या हातातले काम काढून घेते. दुकानात नोकर असेल तर आपण त्याला बाजूला बोलावून सांगतो. मुलाला मात्र सगळ्यांदेखत सांगण्याचा आपल्याला हक्क आहे असे समजतो. या खाणावळीतील वडील, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणून ओळखते, पहाटे मटण आणि भाजी आणतात आणि दुपारी पाणी वाढण्यापासून टेबल पुसण्यापर्यंतची वरची कामे करतात. गल्ल्याकडे ते जात नाहीत. एका जुन्या गिऱ्हाइकाने माझ्यासमोरच त्यांना अडवले आणि ताटाचा दर वाढवल्याबद्दल, पूर्वी अण्णा असताना असे नव्हते, अशा सुरात तक्रार केली. गृहस्थ ओळखीचे होते, वयाने मोठे होते, आणि अण्णांनी “बरं, तुमच्यापुरते जुने पैसे द्या” असे म्हटले असते तर तेथे बसलेल्या कोणालाही वावगे वाटले नसते. अण्णा म्हणाले, “हिशेब आता तिच्याकडं हाय, तिलाच इचारा.” आणि ते पाण्याचा जग घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. मुलीने त्या गृहस्थांना “काका” म्हणून आदराने बसवले, त्या दिवसाचा मटणाचा दर आणि एका ताटातील मटणाचे वजन सांगितले, आणि दर मात्र एक रुपयानेही कमी केला नाही. कोल्हापुरात मटणाचा दर हा चारचौघांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, २०१९ च्या अखेरीस दरवाढीविरुद्ध शहरात आंदोलनही झाले होते. अशा गावात ताटाचा दर ठरवणे आणि तो टिकवणे ही लहान गोष्ट नाही. ती मुलीकडे सोपवली आहे आणि सोपवल्यावर परत मागितलेली नाही.

आईंचे काम निराळे आहे. इथली मूळ चव त्यांची. सुरुवातीला त्या घरातून डबे देत असत, त्यातून ही खाणावळ उभी राहिली. आज त्या भाकऱ्या थापतात आणि सकाळचे वाटण करतात. दुपारचा रस्सा पूर्णपणे मुलाकडे आहे. जेवणाची वेळ संपल्यावर त्यांनी मला आत येऊ दिले, तेव्हा भिंतीवर प्लास्टिकच्या आवरणात लावलेला एक कागद दिसला. त्यावर प्रत्येक वाटणाचे घटक ग्रॅममध्ये लिहिले होते. तो मुलीने केला आहे. आईच्या मुठी, चिमटी आणि ओंजळी यांचे मोजमाप करण्यासाठी ती कित्येक आठवडे रोज सकाळी वजनकाटा घेऊन शेजारी उभी राहत असे. आई सवयीने हात भरत, आणि पातेल्यात टाकण्याआधी मुलगी तो हात काट्यावरच्या वाटीत रिकामा करून घेत असे. उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील कांदा वेगळा, नवे आणि जुने खोबरे वेगळे, म्हणून त्या कागदावर ऋतूनुसार दोन रकाने आहेत. “आधी मला राग यायचा. वाटायचं, माझ्या हाताला काटा लावती ही,” असे आईंनी मोकळेपणाने सांगितले. “आता मी माहेरी चार दिवस जाऊन येते आणि रस्सा तसाच असतो.”

या कागदाविषयी मतभेद होऊ शकतात आणि ते मला मान्य आहेत. अंदाजाने केलेल्या स्वयंपाकात त्या दिवसाच्या मालाकडे पाहून बदल करण्याची जी मोकळीक असते, ती ग्रॅमच्या रकान्यात बसत नाही. आणि कागदावर भिस्त ठेवणारा स्वयंपाकी कालांतराने नाकाने वास घेणे विसरतो, अशी भीती मलाही वाटते. परंतु या घरात कागद हा शेवटचा शब्द नाही. मुलगा वजनाप्रमाणे वाटण घालतो आणि मग आईंनी शिकवल्याप्रमाणे पळीतील दोन थेंब तळहातावर घेऊन चाखतो. मीठ आणि आंबटपणा तो चवीनेच ठरवतो. मुलाला आईचा हात वारशाने मिळतो असे आपण कौतुकाने म्हणतो, पण तो मिळावा म्हणून आईने थांबून दाखवावे लागते आणि मुलाने प्रश्न विचारावे लागतात. हे काम येथे काटा मांडून, वेळ देऊन केले गेले आहे आणि त्याचे फळ ताटात दिसते.

वर्षाची कांदा-लसूण चटणी मात्र चौघे मिळून करतात. एप्रिल-मे महिन्यांत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आणून, वाळवून, धणे, तीळ, खोबरे आणि खडा मसाला भाजून ती डंखावर कुटून आणतात आणि मग कांदा-लसूण घालून बरण्यांत भरतात. त्या आठवड्यात खाणावळ बंद असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, जेव्हा पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा या सोप्यात पाणी शिरले आणि खालच्या फडताळातील वर्षाची चटणी गेली. त्या वेळी मुलगी महाविद्यालयात होती आणि मुलगा शाळेत. पूर ओसरल्यावर साठवणीची जागा माळ्यावर नेण्याचा आग्रह मुलीने धरला. वडिलांना जिना चढून रोज बरणी काढणे गैरसोयीचे वाटत होते. शेवटी साठवण वर गेली, आणि जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले तेव्हा चटणी वाचली. मुलांच्या शब्दाला घरात वजन आले ते तेव्हापासून, असे अण्णांनी स्वतः सांगितले. हे सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो मला फार आवडला.

पैशाच्या बाबतीतही या कुटुंबाने नीट विचार केला आहे. घरच्या धंद्यात राबणाऱ्या मुलांना पगार नसतो, लागतील तसे पैसे मिळतात. त्यातून पंचवीस वर्षांच्या मुलाला मित्राच्या लग्नाला जाण्यासाठी वडिलांपुढे हात पसरावा लागतो आणि मुलीच्या श्रमांची तर कोठेच नोंद होत नाही. येथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चौघांच्या चार खात्यांत ठरलेली रक्कम जमा होते आणि उरलेला नफा व्यवसायाच्या खात्यात राहतो. गल्ल्यावरचा क्यूआर कोड व्यवसायाच्या खात्याचा आहे, कोणा एकाच्या नावाचा नाही. भागीदारीचा करार करून त्यात मुलगी आणि मुलगा दोघांनाही सारखे भागीदार केले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः समान हक्क दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. तरीही घरचा व्यवसाय मुलाचा आणि मुलगी लग्न होईपर्यंत मदतीला, हा समज अजून किती घट्ट आहे हे मी माझ्या आजूबाजूला रोज पाहते. मुलीचे लग्न झाल्यावर काय, असा प्रश्न मी आईंना विचारला. “लग्न झाल्यावरबी भागीदारच. गल्ल्यावर बसायचं की नाही ते ती ठरवेल,” हे त्यांचे उत्तर होते.

एका बाबतीत मात्र मला स्पष्टपणे लिहिले पाहिजे. अण्णांच्या थोरल्या भावाचा बारा वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर येथे येतो. तो कोपऱ्यातील टेबलावर अभ्यास करतो, हे चांगलेच आहे. पण गर्दी वाढली की कोणी न सांगता तो उठून उष्टी ताटे उचलू लागतो आणि त्याला कोणी थांबवत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी घातली असली, तरी शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात हातभार लावण्याची मुभा ठेवली आहे. तेव्हा कायद्याने यात चूक नसेलही. तरीसुद्धा ओली फरशी, उकळते रस्से आणि जडच्या जड ताटे यांमध्ये त्या वयाचे मूल असू नये, असे मला मनापासून वाटते. मुलाला धंद्याची ओळख करून द्यायची असेल तर चटणीच्या आठवड्यात मिरच्यांची देठे काढायला बसवावे, सकाळी काकांबरोबर बाजारात न्यावे. मी हे आईंना बोलून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, वाद घातला नाही, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा मुलगा गर्दीच्या वेळी वरच्या मजल्यावर होता.

खाण्यातील उणिवाही सांगणे आवश्यक आहे. शाकाहारी ताटाकडे येथे पुरेसे लक्ष नाही. अख्खा मसूर हा या भागातील किती सुंदर पदार्थ आहे, पण येथील मसूर तेलात पोहणारा आणि तांबड्या रस्श्याच्याच वाटणात ढकललेला वाटतो. मांसाहारी मंडळींबरोबर आलेल्या शाकाहारी माणसाची ती केवळ सोय आहे, त्याचा विचार केलेला नाही. रविवारी भाकरीला वेळ लागतो, कारण थापणाऱ्या एकट्या आईच आहेत. ताट समोर येते आणि भाकरीची वाट पाहत रस्सा थंड होतो. या एका कामाचा वारस अजून तयार झालेला नाही. मुलगा भाकरी थापतो, पण ती जाड होते, आणि मुलगी गल्ला सोडू शकत नाही. बाहेरची बाई ठेवण्याचा विचार चालला आहे असे कळले. तो लवकर अमलात यावा, कारण आईंच्या मनगटाला पट्टा बांधलेला मी पाहिला. शिवाय घरची माणसे आहेत म्हणून त्यांनी रजाच घ्यायची नाही, ही घरगुती व्यवसायातील जुनी खोड येथेही पूर्ण गेलेली नाही. मुलाला रविवारी सुट्टी कधीच मिळत नाही, आणि चोविशीतल्या मुलाचे सगळे मित्र रविवारीच मोकळे असतात.

आठवड्याची सुट्टी सोमवारी असते. ती मुलांच्या आग्रहाने सुरू झाली. पूर्वी सोमवारी नुसते शाकाहारी ताट मिळत असे, त्यातून फारशी प्राप्ती नव्हती, पण दार बंद ठेवणे वडिलांच्या मनाला पटत नव्हते. दार कधी उघडे आणि कधी बंद, हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ तत्त्वाचा असतो. पुण्यात १९५० पासून चालत आलेल्या चितळे बंधूंच्या दुकानाने २०१७ मध्ये दुपारी एक ते चार या वेळेतही विक्री सुरू ठेवण्याचे ठरवले, तेव्हा ती वर्तमानपत्रांत बातमी झाली होती. तेथे वेळ वाढली, येथे मुलांनी एक दिवस कमी केला. माझ्या मते दोन्ही निर्णय योग्यच आहेत, कारण धंद्याच्या वेळा आज त्यात उभे राहणाऱ्या माणसांनी ठरवायच्या असतात. सोमवारची सुट्टी सुरू झाल्यापासून त्या दिवशी हे चौघे एकत्र बसून जेवतात, आणि त्या जेवणात धंद्याचा विषय काढायचा नाही असा मुलीने नियम केला आहे. आमच्या घरी मी हा नियम लावून पाहत आहे. तो पाळणे मुलांपेक्षा मलाच अवघड जाते.

घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या ॲपवर ही खाणावळ नाही. कमिशनचा बोजा हे एक कारण आहेच. पण मुलाने दिलेले दुसरे कारण मला अधिक पटले. पांढरा रस्सा प्लास्टिकच्या डब्यात अर्धा तास हिंदकळत गेला की त्याचे काय होते हे त्याने करून पाहिले होते, आणि घरी उघडल्यावर फुटलेला रस्सा पाहणारे गिऱ्हाईक त्याचा दोष खाणावळीलाच देणार. त्यामुळे पार्सल फक्त दारातून मिळते, तेही स्वतःचा डबा आणल्यास वीस रुपये कमी दरात. रस्सा घरी नेल्यावर मंद आचेवर, ढवळत, उकळी न आणता गरम करावा, असे पार्सल देताना प्रत्येकाला तोंडी सांगितले जाते. ही काळजी मला मोठमोठ्या हॉटेलांत दिसलेली नाही.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी सांगते. मटणाचे ताट सध्या ३८० रुपयांना आहे, चिकनचे २६० रुपयांना, आणि लहान मुलांसाठी अळणी मटण व भाताचे अर्धे ताट मिळते, जे मी आवर्जून सुचवीन. व्यवसाय जीएसटीच्या, लहान व्यावसायिकांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेत असल्यामुळे दरावर वेगळा कर लावला जात नाही. बिल छापील असते आणि २०२२ पासून बंधनकारक झालेला अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक त्यावर स्पष्ट दिसतो. लहान खाणावळींत ही गोष्ट आवर्जून पाहावी. स्वच्छतेबद्दल तक्रार करण्याजोगे काहीही आढळले नाही, स्वयंपाकघराचे ओटे आणि भांडी दोन्ही नीट होती. चारचाकी गल्लीत नेऊ नये, महाद्वार रस्त्याच्या परिसरात लावून चालत यावे. श्रावणात मटण बंद असते आणि त्या महिन्यात शाकाहारी ताटासाठी मुद्दाम जाण्याची शिफारस मी तूर्त करणार नाही. बुधवारी किंवा शुक्रवारी साडेबाराच्या आत पोहोचल्यास वाट पाहावी लागत नाही. रविवारी जाणार असाल तर दारात उभ्या उभ्या मुलीला किती ताटे हवीत हे नेमके सांगा आणि नंतर आकडा बदलू नका, कारण तुम्ही सांगितलेला आकडा त्याच क्षणी चुलीपर्यंत पोहोचलेला असतो.